वीज गेली तरी फोन कसा वाजतो?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलले तसाच ठेवला आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली. तू एआयवर बोल, दहा मिनिटं." मी म्हटलं, एआयवर बोलणारी माणसं रोज टीव्हीवर दिसतात. मी आमच्या घरच्या फोनवर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "बरं बोल, पण दहाच मिनिटं हं." तर घड्याळ बघणाऱ्यांनी आधीच माफ करावं.

आमचा फोन तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. बाबांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं म्हणून आमच्याकडे फोन लवकर आला, आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचा तो "पी.पी." नंबर झाला. लग्नपत्रिकेत, दुकानाच्या पावतीवर, पोरांच्या नोकरीच्या अर्जावर आमचा नंबर आणि पुढे कंसात पी.पी. फोन आला की समोरचा म्हणायचा, "अमक्याला बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो." मग मी पळायचे. ह्या हॉलमध्ये निदान पाच-सहा जण असे बसलेत की ज्यांच्या घरी नोकरी लागल्याची नाहीतर कुणी गेल्याची बातमी मी पळत जाऊन दिली आहे. नंबर आधी पाच आकडी होता, पुढे दोनचा आकडा लागून सहा आकडी झाला. शिरूरचा कोड ०२१३८. बाहेरगावी बोलायचं तर एसटी स्टँडजवळच्या पिवळ्या पाटीच्या बूथवर रांग, कारण रात्री उशिरा दर पाव व्हायचा. लाल आकड्यांचं मीटर पुढे पळायला लागलं की आत्याच्या तब्येतीची चौकशी अर्ध्यावर तुटायची.

गंमत बघा. त्याच वेळी आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावाजवळच्या आर्वीला, १९७१ पासून उपग्रहाशी बोलणारं केंद्र उभं होतं. परदेशातले फोन तिथून आभाळात जात होते, आणि शिरूरहून दौंडला बोलायचं तर आम्ही एसटीने जाऊन समक्षच बोलून यायचो.

दौंडचं नाव आलंच आहे तर सांगते. माझं सासर दौंडचं. सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रेल्वेत स्टेशन मास्तर होते. सासूबाई गेल्या, मग २०२१ मध्ये माझे बाबा गेले. म्हणजे शिरूरला आई एकटी, दौंडला अण्णा एकटे, आणि आम्ही दोघं पुण्यात खराडीला. दोघांनाही पुण्यात या म्हणून किती सांगितलं. आईला फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं होतं. अण्णांना गाडीच्या आवाजाशिवाय झोप येत नाही. शिरूरहून न्हावरा, मग भीमा ओलांडून केडगाव चौफुला, पाटस करत दौंडला जायचं म्हणजे सकाळ जाते.

स्मार्टफोन दोघांनाही घेऊन दिले होते. अण्णा त्यावर फक्त गाड्यांची वेळ बघतात. आईची बोटं शेण-माती-भांड्यांनी इतकी कोरडी झालीत की काचेला तिचा हातच कळत नाही. हिरवं बटण सरकवता सरकवता फोन बंद होतो, आणि मग ती फोनलाच "गेला मेला" म्हणते. तिला लागतो तो उचलायचा, कानाला लावायचा, ठेवायचा फोन. तिच्यासाठी फोन म्हणजे हॉलमधल्या कोनाड्यातला तपकिरी फोन. शेजारी भिंतीवर कालनिर्णय, आणि त्यावर तिच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिलेले नंबर. २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावायचा नियम आला, तेव्हा तिने एका दुपारी बसून सगळ्या नंबरांच्या आधी शून्य काढलं होतं.

आता ह्या तपकिरी फोनची तांब्याची तार थकली होती. पावसाळ्यात खरखर, नाहीतर आठ-आठ दिवस बंद. २०२३ च्या उन्हाळ्यात मी ठरवलं की हे काम आपण करायचं. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, आणि घरचा फोन नीट करता येऊ नये? तार बंद करून नंबर तोच ठेवून फायबरवर घेतला. फायबर घरात येतं ते एका पांढऱ्या डबीत. त्या डबीला इंटरनेटच्या भोकांशेजारी टेलिफोनचंही एक बारीक भोक असतं. जुना फोन त्यात लावला की झालं.

लावला. टोन आला. आईने पुण्याचा नंबर फिरवला, आणि टोन येतच राहिला. डबी बंद-चालू केली. सेटिंगं पाहिली. लॅपटॉप काढून अर्धी दुपार घालवली. शेवटी आपल्या वर्गातल्या, शेवटच्या बाकावरच्या, आता अर्ध्या शिरूरला केबल-इंटरनेट पुरवणाऱ्या मित्राला बोलावलं. नाव घेत नाही, घेतलं तर तो माईक हिसकावेल. तो आला, चहा प्यायला, फोन उलटा केला आणि नखाने बाजूचं एक बारीक बटण "पी"वरून "टी"वर सरकवलं. पी म्हणजे पल्स, जुन्या चकतीच्या फोनसारखे ठोके. टी म्हणजे टोन. नव्या डबीला ठोके कळत नव्हते. "इंजिनिअर ना गं तू?" एवढंच म्हणाला. दहावीत माझ्या वहीतून गणितं उतरवून घेतली होती त्याने. हिशेब फिटला.

ह्यानंतर मला जोर चढला. आई आणि अण्णा ह्यांच्यासाठी स्वतंत्र फोन करायचा ठरवला, घरातल्या घरात. पुण्याच्या घरी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा कॉम्प्युटर ठेवला, त्यावर ॲस्टरिस्क नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. हे सॉफ्टवेअर म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज. १९९९ पासून आहे, मोठमोठ्या कचेऱ्यांत त्यावर फोन चालतात. शिरूरला १०१, दौंडला १०२, पुण्याला १०३. दोन्हीकडे एकेक अडॅप्टर, म्हणजे साधा फोन इंटरनेटला जोडणारी छोटी पेटी, आणि एकेक लाल फोन. आईकडे आता तपकिरी फोन जगाचा आणि लाल फोन घरचा.

हे दोन्ही मी एकमेकांना मुद्दाम जोडले नाहीत. आपल्याकडे २००२ पासून इंटरनेटवरून इंटरनेटवर बोलायला मोकळीक आहे. इंटरनेटवरून साध्या फोनवर लावायची सोय २०१८ मध्ये आली, पण ती परवाना असलेल्या कंपन्यांमार्फत. घरच्या घरी स्वतः एक्स्चेंज करून बाहेरचे कॉल साध्या लाइनीत सोडायचे नाहीत. सिमकार्डांच्या पेट्या लावून असलं करणाऱ्यांवर पोलिसांच्या धाडी पडतात, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. आपला मित्र म्हणाला होता, "जोडून टाक, कोण बघतंय?" त्याचं सगळंच ऐकायचं नसतं.

पहिल्या दिवशी अण्णांना आईचा आवाज येत होता आणि आईला अण्णांचा येत नव्हता. आई म्हणाली, "व्याही रागावलेत का?" ह्यातला घोळ समजायला सोपा आहे. आपल्या घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक आतला नंबर देतो. तो नंबर म्हणजे वाड्यातली खोली. दौंडचा फोन शिरूरच्या फोनला विचारत होता, तुझा पत्ता काय? शिरूरचा फोन सांगत होता, "मागची खोली, माडीखाली." वाडा कुठला ते सांगतच नव्हता. मग अण्णांचा आवाज दौंडहून निघायचा आणि रस्त्यात कुठेतरी हरवायचा. त्यातून राऊटरमध्ये एक सोय असते, जी हे पत्ते आपणहून दुरुस्त करायला जाते आणि जास्तच बिघडवते. ती बंद केली, तिन्ही घरांच्या मधे आपला एक खासगी बोगदा केला, म्हणजे तिन्ही घरं एकाच वाड्यात आली. आवाज दोन्हीकडून यायला लागला.

दुसरा त्रास आवाज तुटण्याचा. आपण बोलतो तो आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, आणि त्याचे तुकडे करून सेकंदाला ५० पुडक्या पाठवतात. एका पुडकीत दोन शतांश सेकंदाचा आवाज. सगळ्या पुडक्या सारख्या अंतराने निघतात, पण वाटेत कुठे गर्दी लागते आणि पोचतात वेड्यावाकड्या. ज्यांनी न्हावऱ्याला घोडगंगा कारखान्यावर उसाच्या गाड्या नेल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. गाड्या कशाही येवोत, गव्हाणीत ऊस सलग पडला पाहिजे, म्हणून आधी यार्डात गाड्या थांबवून ठेवतात. फोनमध्येही असंच बारीक यार्ड असतं. ते लहान ठेवलं तर आवाज तुटतो. मोठं ठेवलं तर बोलणं उशिरा पोचतं आणि दोघं एकदम बोलायला लागतात. एका बाजूचा उशीर सेकंदाच्या सातव्या हिश्शाच्या आत असला तर माणसाला कळत नाही. नातवंडं सुटीत येऊन व्हिडिओ बघायला लागली की आमचं यार्ड कमी पडायचं, म्हणून राऊटरला सांगून ठेवलं की आवाजाच्या पुडक्यांना आधी वाट द्यायची. पोलिसांच्या गाडीसारखी.

झालं. जून महिनाभर सगळं झकास चाललं. अण्णा रोज रात्री आठला शिरूरला फोन लावायचे. मी ऑफिसात चार लोकांना फोटो दाखवले. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू.

आता सरांकडे वळते. सर, नववीत विजेचा धडा शिकवताना तुम्ही विचारलं होतंत, "लाईट गेल्यावर टेलिफोन कसा काय वाजतो?" वर्गात मी एकटीने हात वर केला होता, कारण फोन आमच्याच घरी होता. उत्तर तुम्ही नंतर नीट समजावलंत. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची खोली असते. तिथून ४८ व्होल्टचा पुरवठा बोलण्याच्याच तारेतून प्रत्येक घरी येतो. गाव अंधारात असलं तरी फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर जिवंत. तुम्ही माझ्या वहीवर "शाबास" लिहिलं होतं.

ती तार मी २०२३ च्या मे महिन्यात स्वतःच्या सहीने बंद केली. फायबरमधून उजेड येतो, वीज येत नाही. घरातली पांढरी डबी घरच्या विजेवर चालते. हे मला माहीत होतं, अगदी पक्कं माहीत होतं. आणि आईकडे इन्व्हर्टर होता. मी निर्धास्त होते.

जुलैमधली पावसाची रात्र. दीडच्या सुमारास लाईट गेली. मागच्या दाराची कडी वाजते म्हणून आई उठली, पडवीत पाणी आलं होतं, तिथे घसरली. खुब्याचं हाड मोडलं. हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, फक्त उठता येत नव्हतं. ती सरपटत हॉलमध्ये आली. किती वेळ लागला ते ती सांगत नाही. तपकिरी फोन वायरीला धरून खाली ओढला. टोन नाही. लाल फोन ओढला. टोन नाही. साधा मोबाइल होता, तो आत फडताळात, तिच्या हाताच्या वर.

डोक्यावर पंखा फिरत होता. दिवा चालू होता. इन्व्हर्टर आपलं काम करत होता. फायबरची वायर खिडकीतून आत येते म्हणून पांढरी डबी मी खिडकीशेजारच्या प्लगला लावली होती, आणि त्या प्लगला इन्व्हर्टरची लाईनच नव्हती. दिवे-पंख्यांना होती, हॉलमधल्या दुसऱ्या प्लगला होती, ह्या एका प्लगला नव्हती. लाईट जाऊन मी एकदाही तपासून बघितलं नव्हतं. ऑफिसात आम्ही कुठलीही गोष्ट चालू करण्याआधी ती बंद पाडून बघतो. तो आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे, नव्या पोरांना मी स्वतः शिकवते.

सकाळी सहाला दूधवाला आला तेव्हा आई दाराशी पडलेली होती. त्याने शेजाऱ्यांना उठवलं, कुणीतरी १०८ ला फोन केला. मी पुण्याहून पोचले तेव्हा तिला स्ट्रेचरवर घेत होते. माझा हात धरून ती मला काय म्हणाली? "अगं, मला वाटलं बिल भरायचं राहिलं."

तिने आजपर्यंत मला एका शब्दाने बोल लावलेला नाही. त्यामुळे तो हिशेब माझ्याकडेच राहिला आहे. ऑपरेशन झालं, तीन महिने आई आमच्याकडे पुण्यात होती, कुरकुरत होती, आणि दसऱ्याला वॉकर घेऊन शिरूरला परत गेली.

ती जाण्याआधी मी घरात सगळं परत केलं. डबी इन्व्हर्टरच्या प्लगवर घेतली. पण लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात डबी बंद होते आणि परत उठायला दोन-तीन मिनिटं घेते. म्हणून तिला वेगळी छोटी बॅटरी दिली. डबी आणि अडॅप्टर मिळून साधारण १० वॅट खातात. १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. कागदावर आठ तास, नुकसान धरून सहा. इन्व्हर्टरच्या वर आणखी सहा. आपल्या मित्राला त्याच्या कंट्रोल रूमच्या बॅटऱ्या दाखवायला लावल्या. मधल्या रस्त्यावर फायबरच्या ह्या पद्धतीत विजेचं यंत्र नसतं, पण त्याची खोली बंद पडली तर माझी बॅटरी काय करणार? त्याने हसण्यावारी नेलं नाही. एक बॅटरी जुनी निघाली, ती त्याने त्याच आठवड्यात बदलली. लाल फोन असा केला की नुसता उचलून पाच सेकंद काही दाबलं नाही तरी दौंड, पुणं आणि माझा मोबाइल एकदम वाजतात. दोन्ही फोन कोनाड्यातून खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर आणले. साधा मोबाइल आता आईच्या गळ्यात असतो. मग मेन स्विच पाडून आम्ही हॉलमध्ये बसलो, आणि लाल फोनवरून दौंड लावलं.

अण्णांना मात्र एवढ्याने पटलं नाही. त्यांचं म्हणणं, फोन चालू आहे हे फोन लावल्यावरच कळतं. रेल्वेत फाटक बंद करायला स्टेशन मास्तर गेटमनला फोनवर सांगतो. गेटमनने "केलं" म्हटलेलं चालत नाही. फाटक बंद करून त्याने एक प्रायव्हेट नंबर द्यायचा, त्याच्याकडच्या तक्त्यातला दोन आकडी. मास्तर तो वहीत लिहितो. एकदा दिलेला नंबर खोडायचा, परत वापरायचा नाही. अण्णांनी छत्तीस वर्षं असे नंबर घेतले.

तर त्यांनी आईसाठी तक्ता केला. वहीच्या पानावर दोन आकडी नंबर, उलटसुलट. रोज सकाळी साडेसहाला लाल फोन वाजतो. "विहीणबाई, नंबर द्या." आई चष्मा लावून म्हणते, "एक्काहत्तर." अण्णा लिहितात, आई खोडते. दोनदा लावून उचलला नाही तर अण्णा शेजाऱ्यांना फोन करतात. रात्री आठला परत. सुरुवातीला आईला हा पोरखेळ वाटायचा. एकदा तिने आळसाने कालचाच नंबर दिला, तर अण्णांनी पकडलं आणि पाच मिनिटं ऐकवलं. आता ती नंबर दिल्यावर स्वतःहून विचारते, "आणि तुमचा?" म्हणजे त्यांचाही तक्ता झाला, तिच्या अक्षरात.

परवा शिरूरला गेले तेव्हा ती वही बघितली. पाच वह्या भरल्यात. नंबरांच्या शेजारी अण्णांच्या रकान्यात काहीबाही नोंदी आहेत, आईने ऐकून लिहिलेल्या: "मालगाडी दीड तास लेट." "गुडघा." "पिठलं केलं, मीठ जास्त."

आई आज आली आहे, तिसऱ्या रांगेत, वॉकर भिंतीला लावून. मी हे सगळं सांगणार म्हणून तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "सांग, पण प्लगचं सांगू नको, लोक तुला हसतील." आई, सांगितलं.

आणि सर, जेवणानंतर जरा वेळ असेल तर तुमच्या घरची पांढरी डबी कुठल्या प्लगला आहे तेवढं मला सांगा. लांब नाही, मी आणि आपला केबलवाला मित्र मिळून बघून येऊ.

आमचा नंबर तोच आहे. ज्यांना पाठ असेल त्यांनी लावा, आईला बरं वाटेल. फक्त आठ ते सव्वाआठ लावू नका, तेव्हा ती दौंडला असते.